'हो' म्हणायला पैसे पडत नाहीत

'बहुतेक पर्यटक पर्यावरणपूरक हॉटेलसाठी जास्त पैसे मोजायला तयार आहेत' हे वाक्य सध्या सगळीकडे फिरतंय. त्याला तीन पुरवण्या जोडलेल्या असतात: सर्वेक्षणांनी हे सिद्ध झालंय, असं हॉटेल चालवणं महागच पडतं आणि प्रमाणपत्र दिसलं की पाहुणा निर्धास्तपणे पैसे देतो. मला यातलं एकही पटत नाही.

आधी सर्वेक्षणं. हॉटेलं आरक्षित करून देणाऱ्या बुकिंग डॉट कॉम या संकेतस्थळाच्या 2023च्या जागतिक पाहणीत 76 टक्के लोकांनी पर्यावरणाला जपून प्रवास करायची इच्छा सांगितली. प्रमाणित पर्यायासाठी जादा पैसे द्यायला तयार होते 43 टक्के. म्हणजे नुसत्या तोंडी उत्तरातही 'बहुतेक' भरत नाहीत. आणि तोंडी 'हो' म्हणायला पैसे पडत नाहीत. उत्तर देणारा खोटं बोलतो असं मी मुळीच म्हणत नाही. त्या क्षणी त्याला मनापासून तसं वाटतं. पण खोली ठरवताना डोळ्यांपुढे असतात दर, जागा, आधी राहून गेलेल्यांचे शेरे, मुलांसाठी जादा खाट मिळेल की नाही. खरी तयारी जोखायची तर सारख्याच खोल्या दोन दरांनी ठेवून लोक प्रत्यक्ष कोणती घेतात ते पाहायला हवं.

महाग पडण्याचं म्हणाल, तर काही गोष्टी खरंच खर्चिक आहेत. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा किंवा जुन्या इमारतीची दुरुस्ती स्वस्तात होत नाही. पण एलईडी दिवा जुन्या तारेच्या बल्बपेक्षा साधारण 75 टक्के कमी वीज खातो. टॉवेल रोज धुतले नाहीत तर पाणी, साबण, वीज, मजुरी सगळंच वाचतं. ही बचत हॉटेलच्या खिशात जाते. वर तिच्याच नावाने पाहुण्याकडून जादा दर घेणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय पाहुण्याची साथ पैशांशिवायही मिळते. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 'पर्यावरण वाचवा' असं कार्ड ठेवल्यावर सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला; 'इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात' असं लिहिल्यावर 44 टक्क्यांनी. दर तोच होता.

राहिलं प्रमाणपत्र. 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्दच मुळी 1986 साली पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी हॉटेलांतल्या टॉवेलच्या कार्डांवरून काढला. बुकिंग डॉट कॉमने आपलं 'ट्रॅव्हल सस्टेनेबल' हे बोधचिन्ह 2024मध्ये मागे घेतलं, कारण त्याने ग्राहकांची दिशाभूल होऊ शकते असं नेदरलँड्सच्या ग्राहक नियामकाचं म्हणणं होतं. युरोपीय संघात तर 27 सप्टेंबर 2026पासून पुराव्याशिवाय मोघम 'पर्यावरणपूरक' म्हणायलाही मनाई आहे. झाडाच्या हिरव्या पानाचं चित्र असलेल्या बोधचिन्हाऐवजी मला हॉटेलच्या दर्शनी भागात दोन आकडे हवेत: एका खोलीमागे एका रात्रीत किती लिटर पाणी लागलं आणि किती युनिट वीज जळली.