परदेशातला फ्लॅट आणि आपल्याकडची कागद पाहण्याची सवय

गेल्या दोन महिन्यांत जळगावातल्या ओळखीच्या तीन कुटुंबांनी मला थायलंडमधील फ्लॅटविषयी विचारले, आणि त्यांपैकी दोघांनी तर विचारण्याआधीच बुकिंगची रक्कम भरलेली होती. आम्ही २०२४ मध्ये पट्टायाजवळच्या जोमतिएन येथे एक लहान फ्लॅट घेतला, हे अनेकांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही दुसऱ्याच एका इमारतीत ५०,००० बाथ, म्हणजे तेव्हाचे सुमारे एक लाख वीस हजार रुपये, घालवून बसलो होतो, हे मात्र मी घराबाहेर फारसे कोणाला सांगितले नव्हते. आता सांगणे मला आवश्यक वाटते.

माझे मत आधीच मांडते. परदेशातील सुट्टीचे घर हौसेसाठी, शिल्लक पैशातून आणि शेतजमीन घेताना आपण पाहतो तितके कागद पाहून घ्यावे. त्याच्या भाड्यावर संसाराचे किंवा निवृत्तीचे गणित बसवू नये.

माझे सासर यावल तालुक्यातले, केळीचे. बांधाला लागून असलेली दोन एकर जमीन विकायला निघाली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी इसार देण्यापूर्वी तीस वर्षांचे फेरफार काढले, वकिलाकडून शोध अहवाल घेतला, चतुःसीमा स्वतः पायी फिरून पाहिल्या आणि विकणाऱ्याच्या बहिणींची संमती खरेदीखतावर येईपर्यंत एक रुपया पुढे सरकवला नाही. "आधी कागद देख, मंग पैसा दे," हे त्यांचे वाक्य घरातल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्याच घरातील आम्ही मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून एका हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात गेलो, भिंतीवरच्या पडद्यावर निळे पाणी पाहिले, आणि दीड तासात सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरील, डोळ्यांनी न पाहिलेल्या घराच्या बुकिंगवर सही केली. खान्देशाला समुद्र नाही. त्या ओढीचा आमच्या निर्णयात मोठा वाटा होता, असे मला आज वाटते.

झाले ते असे. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सर्वसाधारणपणे जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, परंतु तेथील १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार इमारतीतील फ्लॅट पूर्ण मालकीने घेता येतो. याला एक कडक मर्यादा आहे. इमारतीतील सर्व फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळापैकी जास्तीत जास्त ४९ टक्के क्षेत्रच परदेशी लोकांच्या मालकीचे असू शकते. आम्ही रक्कम पाठवली त्या इमारतीतील हा परदेशी हिस्सा आधीच भरलेला होता, आणि ही गोष्ट आम्हाला बुकिंगनंतर पाच आठवड्यांनी कळली. मग आमच्यापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. एक, फ्लॅट भाडेपट्ट्याने घ्यावा. दोन, थाई भागधारक कागदोपत्री दाखवून कंपनी काढावी आणि तिच्या नावावर फ्लॅट घ्यावा.

भाडेपट्टा "तीस अधिक तीस अधिक तीस, म्हणजे नव्वद वर्षे" असा सांगितला जातो. तेथील कायद्यात स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा एका वेळी ३० वर्षांहून अधिक असू शकत नाही, आणि पुढचे नूतनीकरण हे त्या वेळच्या मालकाने दिलेल्या शब्दावर उभे असते. मालक बदलला किंवा त्याचे वारस आले, तर तो शब्द किती टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मालकीच्या किमतीत भाडेपट्टा घेणे म्हणजे खंडाने केलेल्या शेताला विकत घेतलेले शेत म्हणण्यासारखे आहे. कंपनीचा मार्ग तर याहून वाईट, कारण नावापुरते थाई भागधारक उभे करणे हा तेथे गुन्हा आहे. आम्ही दोन्ही पर्याय नाकारले, आणि बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत "रक्कम परत मिळणार नाही" असे लिहिलेले असल्यामुळे पैसे गेले.

येथे एक गोष्ट आपल्या भागातील लोकांनी नीट समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. सभागृहात अनेक जण "परदेशी माणसावर हा अन्याय आहे" अशा स्वरात बोलत होते. नंदुरबारचा आदिवासी शेतकरी आपली जमीन बिगर आदिवासीला मनाप्रमाणे विकू शकत नाही; जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ त्याच्या आड उभे आहे आणि ते त्याच्या रक्षणासाठी उभे आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेताना परवानगी लागते, हेही आपण जाणतो. थायलंडचा नियम याच जातीचा आहे. २०२४ मध्ये तेथील सरकारने ही ४९ टक्क्यांची मर्यादा ७५ टक्क्यांपर्यंत आणि भाडेपट्टा ९९ वर्षांपर्यंत वाढवण्याचा विचार सुरू केला, तेव्हा तेथील लोकांनी मोठा विरोध केला. ज्यांच्या गावात आपण घर घेणार आहोत, त्यांचे म्हणणे काय आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. शिवाय, केवळ विचाराधीन असलेली गोष्ट "आता नियम बदललाच आहे" असे सांगून विकली जाते, त्यापासूनही सावध राहावे.

दुसऱ्या वेळी आम्ही बांधून झालेल्या, लोक राहत असलेल्या इमारतीतील जुना फ्लॅट शोधला. ३४ चौरस मीटर, किंमत २२ लाख बाथ, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५३ लाख रुपये. विकणाऱ्याशी आणि मध्यस्थाशी संबंध नसलेला तेथील वकील आम्ही स्वतः नेमला आणि त्याच्याकडून तीन कागद मागवले: फ्लॅटच्या मालकीपत्राचा जमीन कार्यालयातील उतारा, परदेशी हिस्सा शिल्लक असल्याचे इमारतीच्या व्यवस्थापनाचे पत्र, आणि देखभालीची थकबाकी नसल्याचा दाखला. शेवटच्या दाखल्याशिवाय तेथील जमीन कार्यालय हस्तांतरणाची नोंदच करत नाही. कागद थाई भाषेत असतात, त्यांवरची तारीख बौद्ध संवत्सराची असते. आमच्या मालकीपत्रावर २५६७ साल आहे, म्हणजे आपले २०२४. इंग्रजी भाषांतर वाचून समाधान मानू नये, कारण वाद झाला तर थाई मजकूर पाहिला जातो. हस्तांतरण शुल्क सरकारी मूल्यांकनाच्या २ टक्के होते, ते विकणाऱ्याने आणि आम्ही निम्मे निम्मे भरले.

आता पैशांविषयी, कारण खरी गुंतागुंत येथे आहे आणि आपल्याकडे याविषयी सर्वांत जास्त चुकीचे सांगितले जाते. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते आणि त्यातून परदेशात घर घेऊ शकते. ही रक्कम स्वतःची असावी लागते. अशा खरेदीसाठी पैसे पाठवायला भारतीय बँकेने कर्ज देऊ नये, असा नियम आहे. ठरावीक मर्यादेवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केला जाणारा आयकर, कापून घेते. आम्ही पैसे पाठवले तेव्हा ही मर्यादा प्रत्येकी ७ लाख रुपये होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १० लाख झाली आहे. मी आणि यजमानांनी निम्मी निम्मी रक्कम आपापल्या खात्यातून पाठवली, तरीही दोघांचे मिळून पावणेआठ लाख रुपये टीसीएसमध्ये गेले. विवरणपत्र भरल्यावर ते करात वळते झाले आणि उरलेले परत मिळाले, परंतु तोपर्यंत ती रक्कम अडकून राहिली. मर्यादेवरील रकमेचा हा पाचवा हिस्सा काही महिने बाजूला ठेवण्याची ऐपत नसेल, तर व्यवहार मध्येच अडतो.

शेतकरी कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना करते. केळी-कापसाच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे आपल्याकडच्या अनेकांनी कधी विवरणपत्र भरलेले नसते. परदेशात घर घेतल्यानंतर ते दरवर्षी भरावेच लागते, आणि त्यातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दाखवावे लागते. ते दाखवले नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला मिळालेली सूट स्थावर मालमत्तेला लागू नाही. बाजार समितीच्या पावत्या, सातबारावरील पीकनोंद, बँकेतील जमा, हे सर्व आधीच जुळवून ठेवावे.

पैसे पाठवताना आणखी एक चूक होते, जी सुधारणे फार कठीण असते. पैसे परदेशी चलनात थायलंडमध्ये पोहोचले पाहिजेत आणि तेथील बँकेत त्यांचे बाथ झाले पाहिजेत. त्याचा पुरावा असल्याशिवाय परदेशी माणसाच्या नावावर फ्लॅट चढत नाही. इथूनच बाथ करून पाठवले तर हा पुरावा उभा राहत नाही. रक्कम ५०,००० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर तेथील बँक त्याचा ठरलेला फॉर्म देते. आमच्या दोघांच्या रकमा स्वतंत्रपणे त्याहून कमी होत्या, म्हणून बँकेकडून प्रत्येक रकमेचे वेगळे पत्र मागून घ्यावे लागले. ही पत्रे आम्ही खरेदीखताच्या बरोबरीने जपून ठेवली आहेत, कारण उद्या फ्लॅट विकून पैसे परत आणताना ती लागतील.

"इथे रोख द्या, तिथे बाथ मिळतील" असे सांगणारी माणसे आपल्या बाजारपेठेत आहेत, हे कोणाला नवे नाही. त्यांच्या वाटेने गेलेल्या पैशाला वर सांगितलेला पुरावा मिळत नाही, आणि परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली परदेशातील अशा मालमत्तेच्या किमतीएवढी मालमत्ता भारतात जप्त होऊ शकते. पट्टायाच्या एका खोलीपायी यावलचा मळा पणाला लावण्याचे हे काम आहे. ते कोणीही करू नये.

भाड्याच्या हमीविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिच्या भरवशावर माणसे मुदत ठेवी मोडत आहेत. "तीन वर्षे सात टक्के हमी" हे ऐकायला गोड आहे. हे सात टक्के पुष्कळदा किमतीतच आधी मिळवलेले असतात. शेजारच्या तशाच जुन्या फ्लॅटची किंमत विचारली की फरक दिसतो, आणि आम्हाला तो दिसला. तीन वर्षांनंतर भाडेकरू आणण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर सभागृहात मिळत नाही. रोजच्या भाड्याने पर्यटकांना देण्याचे गणित मांडले जाते, परंतु थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने खोली भाड्याने द्यायला सर्वसाधारणपणे परवाना लागतो, आणि एका फ्लॅटच्या मालकाकडे तो नसतो. आमच्या इमारतीच्या उद्वाहनातच तशी मनाई लिहिलेली आहे. राहिले महिन्याचे भाडे, आणि ते हंगामावर चालते. त्यातून देखभालीचा खर्च, आमच्या बाबतीत चौरस मीटरला दरमहा ५० बाथ, म्हणजे वर्षाला सुमारे पन्नास हजार रुपये, घर रिकामे असले तरी द्यावाच लागतो.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत पैसे गुंतवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे जे बंधन आपल्याकडे रेरा कायद्याने घातले आहे, तसे सक्तीचे बंधन तेथे नाही. त्रयस्थाकडे रक्कम ठेवण्याचा कायदा तेथे २००८ पासून आहे, पण तो ऐच्छिक आहे. करारात तो मागून घ्यावा लागतो. आणि इमारतीचा विमा पाहावा. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील भूकंपाने बँकॉकमधील बांधकाम चालू असलेली एक उंच सरकारी इमारत कोसळली आणि अनेक उंच निवासी इमारतींच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा कोणाच्या विम्यात काय बसते हा प्रश्न शेकडो मालकांपुढे उभा राहिला.

इतके सगळे असूनही आम्ही घर का घेतले, असे मला विचारले जाते. पैशांच्या हिशेबाने ते चुकीचेच आहे. तेच त्रेपन्न लाख मुदत ठेवीत असते, तर त्यांच्या व्याजात आम्ही दरवर्षी महिनाभर चांगल्या हॉटेलात राहून उरले असते. माझी मुलगी मेलबर्नला असते, मुलगा पुण्यात. तिला दोन लहान मुलांना घेऊन जळगावपर्यंत येणे वर्षाआड जमते. बँकॉकला ती थेट विमानाने येते, आम्ही मुंबईहून साडेचार तासांत पोहोचतो, आणि तीन आठवडे सगळे एका ओट्याभोवती असतो. स्वयंपाकघर आपले असले की डाळबट्टी होते, कळण्याची भाकरी होते, आणि नातवंडे आजीच्या हातचे जेवतात. यासाठी आम्ही पैसे मोजले, आणि मोजताना ते परत येणार नाहीत असे धरून मोजले. या घरामुळे तेथे राहण्याचा कोणताही हक्क मिळत नाही. दर वेळी आम्ही पर्यटक म्हणूनच जातो आणि मुदतीत परत येतो.

एक काम आमचेही राहिले आहे. परदेशी मालकाच्या मृत्यूनंतर फ्लॅट वारसांकडे जातो, परंतु परदेशी मालकीच्या अटींत न बसणाऱ्या वारसाला तो एका वर्षाच्या आत विकावा लागतो, आणि भारतात केलेले मृत्युपत्र तेथील न्यायालयात भाषांतरासह सिद्ध करण्यात बराच काळ जातो. म्हणून तेथील मालमत्तेपुरते स्वतंत्र थाई मृत्युपत्र करावे, असा सल्ला वकिलाने दिला होता. खरेदीच्या गडबडीत आम्ही ते पुढे ढकलले. येत्या मुक्कामात पहिल्याच आठवड्याची वेळ घेतली आहे. ते झाल्यावर त्याला काय कागद लागले आणि किती खर्च आला, ते येथेच लिहीन.