बडी नको रे बाबा?

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमच्या स्कूबा डायव्हिंगवाल्या टोळक्यात जाम वाजलं. एक मित्र म्हणाला, "मी सोलोचा कोर्स करणार. अनोळखी बडीची उस्तवार कोण करणार?" (बडी म्हणजे पाण्याखाली एकमेकांकडे लक्ष ठेवणारा जोडीदार, सोलो म्हणजे त्याच्याशिवाय एकट्याने डाइव्ह.) तिथे मला धड बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्याचा वैताग मला समजतो. आपल्या दाराशी समुद्र आहे, पण त्यात पुढे केलेला हात दिसायची मारामार. त्यामुळे शिकायचं स्विमिंग पूलमध्ये आणि डाइव्हसाठी गाठायचं तारकर्ली, नेत्राणी, नाहीतर थेट अंदमान. सोबतीला कुणाला रजा मिळत नाही. मग बोटीवर जो भेटेल तो बडी, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखा. मला एकदा गोप्रोवाले काका मिळाले. चाळीस मिनिटं मी फक्त त्यांचे फिन्स बघितले. माझी हवा 50 बारवर आली, म्हणजे वर निघायची वेळ झाली, हे सांगायला त्यांच्या मागे पोहण्यातच आणखी हवा गेली. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणजे दर श्वासाला हवाही तिप्पट जाते. असा बडी नसलेला बरा. नसला तर निदान आपण त्याच्या भरवशावर तरी राहत नाही.

आणि सोलोवाले काही वेडे नाहीत. एसडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या सोलो कोर्सला वय 21 आणि नोंदलेल्या 100 डाइव्ह लागतात. हवेचा दुसरा, पूर्ण स्वतंत्र साठा बाळगायचा. बहुतेकजण पोनी बाटली, म्हणजे हवेची छोटी जादा टाकी नेतात.

तरी माझं मत बदललं ते अंदमानात, हॅवलॉकला. तीसेक मीटर खोल होतो. हवेच्या गेजवर 90 बार दिसत होतं, पण 90 म्हणजे जास्त की कमी, हेच कळेना. काळजी शून्य. उलट भांग चढल्यासारखं मस्त वाटत होतं. नायट्रोजनची नशा! खोलवरच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजनच अशी गुंगी आणतो. माझी बडी होती डोंबिवलीची, पन्नाशीची, बँकेतली. (बोटीवर मी मनात म्हटलं होतं, आज हिला सांभाळावं लागणार.) तिने हवा किती म्हणून खुणेने विचारलं, मी झोकात ओके दिलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा ओके. मग तिने सरळ माझा दंड धरला आणि सावकाश वर घेऊन गेली. काही मीटर चढलो आणि डोकं लख्ख झालं.

आता सांगा, पोनी असती तरी काय उपयोग? ती वापरायची आठवण ज्या डोक्याने ठेवायची, तेच रजेवर होतं.

सोलोवाले म्हणतील, आम्ही इतकं खोल जातच नाही. ठीक. पण आपल्या डोक्यामागच्या व्हॉल्व्हमधून बुडबुडे सुटताहेत, हे आठ मीटरवरही आपल्याला दिसत नाही. टाकून दिलेलं जाळं टँकला मागून अडकलं तर तेही नाही.

हल्ली मी बोटीवरच नव्या बडीचं डोकं खाते. ऑक्टोपस, म्हणजे हवा घ्यायचं जादा तोंड, कुठे लावलाय? वजनं कशी सुटतात? कॅमेरा दिसला तर आधीच सांगते, "अहो, शूटिंग खुशाल करा, पण दर मिनिटाला मागे बघायचं. नाहीतर मी टँक बडवत सुटेन." लोकांना आगाऊ वाटते, वाटू दे.

मित्राच्या लॉगबुकात सध्या 34 डाइव्ह आहेत. उरलेल्या 66 साठी बडी म्हणून मी यायला तयार आहे. दिवाळीनंतर तारकर्ली, बोल!