१९९७ साली कोण कोण गेलं?

डिसेंबर लागला की 'या वर्षी आपण यांना गमावलं' छापाच्या पोस्ट फिरायला लागतात. बारा-पंधरा फोटो, मागे मेणबत्ती, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. क्रमसुद्धा ठरलेला. आधी नेते, मग नट-नट्या, मग खेळाडू, आणि कोपऱ्यात जागा उरलीच तर एखादा लेखक नाहीतर शास्त्रज्ञ. माझा या याद्यांवर राग आहे. त्यांत माणसाचं काम कुणी बघत नाही, त्याच्या मरणाची बातमी केवढी झाली ते बघतात. ताज्या वर्षाचं उदाहरण दिलं तर कमेंटमध्ये मारामारी होईल, म्हणून जुनं वर्ष घेतो. १९९७.

१९९७ म्हटलं की बहुतेकांना दोन नावं आठवतात. ३१ ऑगस्टला पॅरिसमध्ये डायाना गेली आणि ५ सप्टेंबरला कलकत्त्यात मदर तेरेसा. मदर गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी लंडनला डायानाची अंत्ययात्रा होती, आमची अख्खी चाळ टीव्हीला चिकटलेली. पुढच्या आठवड्यात मदरना निरोप दिला तो गांधीजी आणि नेहरूंना ज्या तोफगाड्यावरून नेलं होतं त्याच गाड्यावरून. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण २ सप्टेंबरला, म्हणजे या दोघींच्या मधल्या दिवसांत, व्हिक्टर फ्रँकल गेले. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, नाझी छळछावण्यांतून जिवंत बाहेर आलेले. त्यांचं पुस्तक मराठीतही आलंय. आणि मदर गेल्या त्याच ५ सप्टेंबरला जॉर्ज सोल्टी गेले. शिकागोचा वाद्यवृंद बावीस वर्षं चालवलेला माणूस, ३१ ग्रॅमी मिळवलेला. एरवी पहिल्या पानावर आले असते. त्या आठवड्यात जागाच नव्हती.

हे झालं जगाचं. आता ठाण्यातून बघा.

आमच्या घरात १९९७ सुरू झालं ते १६ जानेवारीला. त्या दिवशी पवईत घराजवळ डॉ. दत्ता सामंतांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्या नेतृत्वाखालच्या मुंबईच्या गिरणी संपाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस होते. तो संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि रीतसर मागे असा तो कधी घेतलाच गेला नाही. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, हे आता तिथल्या काचेच्या इमारतींत कामाला येणाऱ्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. तेव्हा गेटवर लाल फलक, गेट मीटिंग, करार, बोनस हीच भाषा. बाबा डॉक्टरांचं नाव कधी घेत नसत, नुसतं 'डॉक्टर'. घाटकोपरला दवाखाना चालवणारा हा एमबीबीएस माणूस खाणकामगारांचं हलाखीचं जिणं बघून युनियनमध्ये उतरला आणि १९८४ मध्ये, काँग्रेसच्या लाटेत, अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आला.

बाबांचं मत विचाराल तर ते एका वाक्यात सांगत: "त्याच डॉक्टरमुळे आपल्याकडे फ्रीज आला, आणि त्याच डॉक्टरमुळे तुझ्या मामाची गिरणी गेली." मामा परळ सोडून कळव्याला आला तो कायमचा. मला वाटतं, सामंतांवर लिहिलेल्या कितीतरी लेखांपेक्षा हे वाक्य खरं आहे, कारण त्यात दोन्ही बाजू एकाच घरात बसल्यात. श्रद्धांजलीच्या फोटोखाली अशी ओळ कधी लिहिता येत नाही. तिथे एकतर 'कामगारांचा कैवारी', नाहीतर मौन.

मग जुलै. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. ठाण्याहून मुंबईला जाताना आपण रोज ज्या पूर्व द्रुतगती महामार्गाने जातो, त्याच्या कडेला हे घडलं. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे ठाणे, पलीकडे घोगरे. त्याच १५ जुलैला मायामीत फॅशन डिझायनर जियानी व्हर्साचेची हत्या झाली. त्या वर्षीच्या जागतिक याद्यांत व्हर्साचे असणारच, आणि असावेतही, कपड्याची दुनिया बदलली त्यांनी. पण घोगरे कुठल्या यादीत शोधायचे? राजकारणात ते नव्हते, सिनेमात नव्हते, त्यांची कॅसेट दुकानात मिळत नव्हती. आनंद पटवर्धनांनी त्यांच्या मृत्यूपासून सुरुवात करून चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट केला, म्हणून आज निदान नाव तरी सापडतं. एका माणसाला स्मरणात ठेवायला दुसऱ्या माणसाची चौदा वर्षं लागली, आणि आपण चार मिनिटांत कोलाज करून मोकळे होतो.

ऑगस्टमध्ये गुलशन कुमार (१२ तारखेला, अंधेरीत, देवळाबाहेर) आणि चार दिवसांनी लंडनमध्ये नुसरत फतेह अली खान, वय फक्त ४८. त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय, मी भर घालत नाही.

आता ज्यांच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. २१ डिसेंबर १९९७, पी. सावळाराम. मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील, मूळचे सांगलीकडचे, पण हयात काढली ठाण्यात. लोक त्यांना जनकवी म्हणत. आमच्या शहराचे ते नगराध्यक्षही होते. नळ, गटारं, रस्ते यांच्या फायलींवर सह्या करणारा नगराध्यक्ष आणि वसंत प्रभूंच्या चालीवर लता मंगेशकरांनी गायलेली गाणी लिहिणारा कवी एकच, हे आज कुणाला सांगितलं तर 'काहीतरीच काय' म्हणतात. आताच्या एखाद्या नगरसेवकाकडून दोन कडव्यांची अपेक्षा करून बघा! (बॅनरवरच्या चारोळ्या धरू नका.)

ठाण्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात पाठवणीच्या वेळी उभे राहा. बॅण्डवाला दिवसभर नागीण वाजवून थकलेला असतो, टोपी मागे सरकलेली, आणि मुलगी गाडीकडे निघाली की क्लॅरिनेटवर आपसूक 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' लावतो. त्याला कुणी फर्माईश केलेली नसते. मुलीच्या मावश्या पहिल्या ओळीलाच पदर डोळ्यांना लावतात. हे गाणं कुणाचं असं विचारलं तर उत्तर येतं, "लताबाईंचं." मधल्या माणसाचा पत्ताच नाही, आणि तो माणूस इथलाच, याच गावचा. महापालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते, ते चांगलंच आहे. पण पुरस्कार कुणाला मिळाला याची बातमी होते, सावळाराम कोण याची नाही.

आणि २१ डिसेंबर ही तारीख तर यादीत यायला फारच वाईट. 'सरत्या वर्षात' वगैरे मजकूर तोवर लिहून तयार असतो. तेव्हा यंदा कुणी कोलाज करत असाल तर एकतीसच्या रात्रीपर्यंत थांबा. आणि १९९७ मध्ये ठाणे, कळवा, मुलुंड, ऐरोली भागातलं आणखी कुणी गेलेलं आठवत असेल, कामगार, शिक्षक, कीर्तनकार, कुणीही, तर खाली लिहा. नुसता फोटो आणि हात जोडलेला इमोजी नको, त्यांनी काय केलं ते एका ओळीत सांगा. 'युगाचा अंत' लिहिणाऱ्यांना मी ब्लॉक करणार आहे.