परवाना मिळेल, नेमाचं काय?

डिसेंबर २०२४मध्ये बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि पाठोपाठ त्या जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. पुढे त्यातले बरेच रद्द झाले, पण वाद मागे उरला. आमच्या घरच्या ग्रुपवर तो अजून अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, कमरेला पिस्तूल खोचून लग्नात मिरवणाऱ्यांना परवाने दिलेच कसे? दुसरी म्हणते, गुंडांकडे गावठी कट्टे असताना साध्या माणसानं, त्यातून बाईमाणसानं, हात चोळत बसायचं का? मी टेक्सासमध्ये राहते, त्यामुळे दोन्ही बाजू मला साक्षीला ओढतात. पहिलीला अमेरिका म्हणजे वेड्यांचा बाजार, दुसरीला स्वर्ग.

माझी साक्ष कुणाच्याच कामाची नाही. दोघांचं भांडण पिस्तूल कुणाला मिळावं यावर आहे. मिळालेल्याला ते चालवता येतं का, हे इकडे कुणी विचारत नाही आणि तिकडेही नाही.

इकडे एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे थोडे अपवाद आहेत. (शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन फोटो टाकणाऱ्या आपल्या मुलांनी आधी वकिलाला विचारलेलं बरं.) ग्रीन कार्ड आलं की वाट मोकळी. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, वय २१ पूर्ण हवं, झालं. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासमध्ये पात्र माणसाला पिस्तूल घेऊन फिरायलाही परवाना लागत नाही. परवाना आजही काढता येतो, त्यासाठी परीक्षा असते: ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या, २५०पैकी १७५ गुण. अवघड अजिबात नाही. पण ती ऐच्छिक आहे, म्हणजे ज्याला तिची सर्वांत जास्त गरज तोच ती टाळणार.

निवडीची गोष्ट बायकांच्या बाबतीत फार मजेशीर होते. बाई दुकानात शिरली की विक्रेता सर्वांत छोटं, सर्वांत हलकं पिस्तूल पुढे करतो. पर्समध्ये मावेल, हाताला पेलेल. पेलतं खरं, गोळी सुटेपर्यंत. काडतूस तेच आणि पिस्तूल हलकं, तर धक्का जास्त बसतो. मूठ आखूड असल्यानं करंगळीला जागा नसते. नळी आखूड, म्हणजे पुढच्या-मागच्या माशीतलं (नळीवरच्या नेम धरायच्या खुणांतलं) अंतर कमी, त्यामुळे हाताची बारीकशी चूकही मोठी होऊन लक्ष्यावर दिसते. ही छोटी पिस्तुलं खरं तर मुरलेल्या हातांसाठी आहेत. नवशिक्याला मध्यम आकाराचं ९ एमएम (ही गोळीची जाडी) बरं. ग्लॉक १९ घ्या, रिकामं सुमारे ६०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. त्याहून बरं म्हणजे शिकण्यापुरतं पॉइंट २२चं, म्हणजे आणखी बारीक गोळीचं, पिस्तूल. धक्का नावापुरता, काडतुसं स्वस्त, आवाजही कमी. आणि विकत घेण्याआधी रेंजवर भाड्यानं तीन-चार प्रकार चालवून पाहावेत. तर्जनीचं पेर चापावर सहज पोचतं का, स्लाइड (पिस्तुलाचा मागे सरकणारा वरचा भाग) स्वतःच्या ताकदीनं पूर्ण मागे खेचता येते का, हे काउंटरवर उभं राहून पुरतं कळत नाही.

आपल्याकडेही हेच झालं होतं. दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर, जानेवारी २०१४मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं. वजन साधारण अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. चर्चा झाली ती किमतीची आणि ते पर्समध्ये मावण्याची. पॉइंट ३२चं काडतूस तसं सौम्य, त्यामुळे धक्क्याचा प्रश्न मोठा नाही. प्रश्न चापाचा आहे. घोडा (काडतुसावर आघात करणारी मागची कळ) आधी न चढवता रिव्हॉल्व्हर चालवायचं तर चाप लांब आणि जड ओढावा लागतो, तेवढ्यात नळी हलते. ‘रिव्हॉल्व्हर सोपं’ हे समजणं भरण्यापुरतं आणि रिकामं करण्यापुरतं बरोबर आहे, नेमापुरतं नाही. बारा महिने सराव केलेल्या बाईच्या हातात ते कामाचं. पण भारतात काडतुसं मोजून मिळतात, वर्षाचा कोटा ठरलेला, आणि ९ एमएम तर सामान्य परवानाधारकाला निषिद्धच. सराव करायचा कशावर?

सराव म्हणजे नेमकं काय, हेही वादात कधी येत नाही. नवशिक्याची गोळी बहुधा खाली जाते. नजर बरी असते. स्फोट होणार हे शरीराला कळतं आणि चाप दाबायच्या क्षणी मनगट आपोआप खाली झुकतं. माणसाला स्वतःला हे जाणवतसुद्धा नाही, कारण धक्क्यात सगळं झाकून जातं. माझ्या प्रशिक्षक बाई त्यावर साधा उपाय करतात. खऱ्या काडतुसांत न कळत एखादं खोटं मिसळून मॅगझिन भरतात. खोट्याची पाळी आली की नुसतं ‘टक्’ होतं आणि नळी खाली बुडी मारताना सगळ्यांना दिसते. छाती काढून आलेले गडीही तिथे गप्प होतात. औषध कंटाळवाणं आहे: घरी रिकामं पिस्तूल, काडतुसं दुसऱ्या खोलीत, दोनदा तपासलेलं चेंबर, समोर भक्कम भिंत, आणि पुढची माशी न हलवता चाप दाबत राहायचा. नजर लक्ष्यावर नाही, पुढच्या माशीवर. लक्ष्य थोडं धूसरच दिसायला हवं. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर, ही सवय मात्र पहिल्या मिनिटापासून.

ठेवण्याबद्दल. १ ऑक्टोबर २०२४ला अभिनेता गोविंदा यांना त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. ते कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. आपण आठवडाभर विनोद फॉरवर्ड केले. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखाली भरलेलं काडतूस असेल आणि ते पडलं, तर गोळी सुटू शकते. म्हणून जुनी माणसं ते एक घर रिकामं ठेवत. विनोदांच्या गर्दीत एवढी एक ओळ आली असती तर! इकडचा हिशेब याहून जड आहे. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. घरातलं पिस्तूल दारातल्या चोरापेक्षा घरातल्याच एखाद्या वाईट रात्रीच्या जास्त जवळ असतं. म्हणून माझं कुलपात असतं, रिकामं, आणि रेंजपुरतंच. संरक्षणासाठी आहे असं मी म्हणत नाही.

मग गावाकडच्या वादात मी कुठे? परवाने सैल करा म्हणणाऱ्यांत मुळीच नाही. पण ‘कुणाला’ एवढ्यावर थांबणाऱ्यांतही नाही. २०१६च्या शस्त्र नियमांत परवान्याआधी सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद आहे. बीडच्या गदारोळात ती किती जणांनी उच्चारली? नूतनीकरण आता पाच वर्षांनी येतं. त्या वेळी जिवाला धोका अजून आहे का हे पाहावंच, पण अर्जदाराला पोलिसांच्या गोळीबार मैदानावर उभं करून सात यार्डांवरून दहा गोळ्याही मारायला लावाव्यात. पाटी कोरी निघाली तर शस्त्र जमा. मिरवणाऱ्यांची यादी तिथेच निम्म्यावर येईल, कुणाच्या शिफारशीला हात न लावता.

आणि ज्याला खरोखर शिकायचंय त्याला परवान्याची वाट पाहायचीही गरज नाही. पॉइंट १७७च्या हवेच्या पिस्तुलावर दहा मीटरचा नेम धरता येतो. नेमबाज राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांच्या कोल्हापुरात, पुण्यात बालेवाडीला, हे शिकवणारी माणसं आहेत. माझा चुलतभाऊ परवान्याचा अर्ज करायचा म्हणतो, कोणतं घेऊ म्हणून विचारतो. त्याला मी सहा महिने तिकडे जायला सांगितलंय. कागदावर पडलेली भोकं पाठव, मग बोलू.