जरा जवळून

जानेवारीत मोहोर हाताला चिकट लागायला लागला, तेव्हा मी कृषी सल्ला देणाऱ्या साहेबांना फोन केला. साहेब वयाने माझ्या मुलाएवढे, पण साहेब ते साहेब. म्हणाले, "काका, तुडतुडे असतील. जरा जवळून फोटो पाठवा, बघून सांगतो." तुडतुडे म्हणजे मोहोराचा रस पिणारे किडे, मोहोर चिकट होतो तो त्यांच्यामुळेच. पण या 'जरा जवळून'ने माझे तीन दिवस खाल्ले.

देवगडात हापूसवाल्याच्या घरी दुर्बीण नसेल, पण फोन असतोच. माझ्या फोनला तर मागे तीन कॅमेरे. घेताना मुलगा म्हणाला होता, "बाबा, यात मॅक्रोपण आहे, अगदी जवळचं टिपणारा कॅमेरा." सूर असा, जणू बैलगाडीला एसी लावून दिलाय. पहिला दिवस मी ५० मेगापिक्सेलच्या थोरल्या कॅमेऱ्यावर घालवला. तो चार-पाच बोटांच्या आत गेलं की पुढचं सोडून मागची विहीर स्पष्ट दाखवतो. दुसरा दिवस मॅक्रोवर. स्क्रीनवर बोट दाबून दाबून थकलो, फोकस ढिम्म हलेना. संध्याकाळी मुलाने फोनवरून खुलासा केला, की हा कॅमेरा अवघा २ मेगापिक्सेलचा आणि त्याचा फोकस ४ सेंटिमीटरवर कायमचा ठोकलेला. "तुम्ही मागेपुढे व्हायचं बाबा, तो नाही होणार." म्हणजे घरच्यासारखंच.

आता तुडतुडा. लांबी चार-पाच मिलिमीटर, डोक्याकडे रुंद, शेपटाकडे निमुळता, लाकूड फोडायच्या पाचरीसारखा. चालतो तिरका. फोन जवळ गेला की उडत नाही, नुसता देठाच्या पलीकडच्या अंगाला सरकतो. मी शिडीवरून पलीकडे वाकलो की तो अलीकडे. आम्ही दोघं त्या देठाभोवती फुगडी घालत होतो आणि खालून आई बघत होती.

"रे, काय करतंस थंय?"

"फोटो काढतंय तुडतुड्याचो."

"फोटो कित्याक? हात लाव. चिकट लागता मा? मगे तुडतुडेच ते."

हे साहेबांना पाठवता येत नव्हतं.

जवळ जाण्यातली गोम ही, की किडा मोठा होतो तसा वारापण मोठा होतो. अंगणातून बघाल तर मोहोर स्तब्ध. चार सेंटिमीटरवरून बघा, वादळात डोलकाठी हलावी तसा तोच झुलतो. त्यात स्पष्ट दिसायची पट्टी दोन-तीन मिलिमीटरची. डोळे आले तर पंख गेले, पंख आले तर डोळे गेले. माझा श्वास हलला तरी तुडतुडा धुक्यात. श्वास कोंडला तर हात थरथरतात, कारण छातीत ठोके चालू असतात आणि ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये नाही. शिवाय एवढ्या जवळ फोनचीच सावली किड्यावर पडते. फ्लॅश लावला तर मोहोरावरचा चिकटा असा चमकला, की फोटोत सगळा पाक सांडलेला. काचेवर खाऱ्या हवेचा थर होताच, तो मी पंच्याने पुसला. पंच्याला खोबरेल होतं.

तिसऱ्या दिवशी मात्र शहाणा झालो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ऊन चढून जमीन तापली की खारा वारा उलटा सुटतो. मधल्या वेळात झाडाचं पान हलत नाही. ती वेळ साधून मी शिडीवर. दोरीवरच्या कपड्यांचा एक चिमटा पळवला आणि त्याने मोहोराचा देठ शिडीला अडकवून टाकला. ("अहो, माझा परकर खाली कोणी पाडला?" हे नंतर.) किरणं तिरपी येत होती, तेव्हा सावली पण बाजूला पडली. डाव्या हाताचा अंगठा देठाला टेकवला, उजव्याने फोन पुढे नेला. मागे. किंचित पुढे. तुडतुडा दिसला, डोळ्यांसकट. श्वास सोडला आणि बटण दाबणार, तोच अंगठ्याला कोणीतरी निखारा लावला.

ओंबील! पानं शिवून घरटी करणारी ती लाल मुंगी. आंब्यावर चढणाऱ्या कोणाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. मी जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोट बटणावर होतं, दचक्याने ते दाबलंच गेलं.

खाली उतरून बघतो तर फोटो काय आलाय! मुंगीच्या मिशा, कमरेची गाठ, कातडीत रुतलेला जबडा, माझ्या अंगठ्याच्या रेषान् रेषा. तीन दिवसांतला एकमेव स्पष्ट फोटो. कोपऱ्यात एक तपकिरी डाग होता, तो तुडतुडा. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं म्हणून मुलाने शिकवल्याप्रमाणे डॉक्युमेंट करून साहेबांना पाठवला.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "काका, फोटो एक नंबर. ही मुंगी मारू नका, ती तुडतुडे खाते. पण अंगठा सोडून मोहोराचा फोटो मिळेल का? जरा जवळून."