दोन पोरांचा बाप आणि मनगटाचा एमआरआय

२५ ऑक्टोबर २०१७. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, १७ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, माली विरुद्ध स्पेन. मालीचा एक धिप्पाड पोरगा चेंडू घेऊन सुटला तसा मागच्या रांगेतून आवाज आला, "हा दोन पोरांचा बाप असणार!" सगळे हसले. मीही हसलो. सामना मालीने १-३ असा गमावला.

तेच वाक्य आता पुराव्यांचा आव आणून फुटबॉलच्या ग्रुपांवर फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: २००९ चा १७ वर्षांखालील विश्वचषक नायजेरियात झाला, घरचं मैदान मिळताच त्यांनी वयचोर उतरवून अंतिम फेरी गाठली, त्या संघातला एकही जण पुढे दिसला नाही, तेव्हा आफ्रिकेत अशा स्पर्धा देणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

वयचोरी झालीच नाही, असं मी म्हणणार नाही. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये नायजेरियाच्या खेळाडूंच्या जन्मतारखा आधीच्या नोंदींशी जुळल्या नाहीत, म्हणून फिफाने त्यांच्या युवा संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. नायजेरियाकडे असलेलं १९९१ च्या युवा (२० वर्षांखालील) विश्वचषकाचं यजमानपद गेलं ते पोर्तुगालला. हे सगळं खरं आहे. पण उदाहरण म्हणून २००९ निवडायचं, म्हणजे नेमकं चुकीचं वर्ष पकडायचं. वय तपासायला मनगटाचा एमआरआय याच विश्वचषकापासून सुरू झाला. मनगटापाशी हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते आणि ती सतराव्या वर्षाआधी सहसा पूर्ण जुळत नाही. जुळलेली दिसली की पोरगा सतराच्या वरचा धरायचा, जन्मदाखला काहीही म्हणो. स्पर्धेआधी नायजेरियाने स्वतःच ही तपासणी करून पंधरा खेळाडू घरी पाठवले. उरलेल्यांतून संघ बांधला आणि त्या संघाने अर्जेंटिना, दक्षिण कोरिया आणि स्पेनला हरवलं. एमआरआय आल्यावर विजेतेपदं आटायला हवी होती ना? नायजेरियाने २०१३ आणि २०१५ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले.

दाखल्यांवरून हसणाऱ्यांनी जरा आपल्या घरातही बघावं. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहिलं, म्हणून गावोगावच्या अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. त्यात कोणी चोरी केली नव्हती. आणि जिथे चोरी होते तिथलं सांगायचं तर १६ वर्षांखालच्या क्रिकेटसाठी बीसीसीआयलाही हाडांची चाचणी घ्यावी लागते.

"घरच्या मैदानावर यजमान जिंकतात" हा भाग तर दोन मिनिटांत निकालात निघतो. २००९ चा अंतिम सामना अबुजात झाला आणि स्वित्झर्लंडने तो सेफेरोविचच्या एकमेव गोलवर जिंकला. स्विस संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच आला होता आणि सातही सामने जिंकून गेला. १९९९ चा युवा विश्वचषकही नायजेरियातच होता, तिथे याच नायजेरियाला मालीने उपांत्यपूर्व फेरीत घरी बसवलं. १९७७ मध्ये फिफाची पहिलीवहिली युवा स्पर्धा ट्युनिशियात झाली, यजमान गटातच बाद. एकाही आफ्रिकी यजमानाने आजवर घरी युवा विश्वचषक उचललेला नाही. कसली ही चोरी, जिचा माल कधी हाती लागत नाही!

"पुढे कोणीच आलं नाही." त्या नायजेरियन संघातले ओमेरुओ आणि ओनाझी २०१३ चा आफ्रिका चषक जिंकले आणि २०१४ चा विश्वचषक खेळले. स्पर्धेतला सर्वोत्तम ठरलेला सानी इमॅन्युएल मात्र खरंच मागे पडला, हे मान्य. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी चमकलेली किती पोरं कुठल्याही देशात टिकतात? उलटंही घडतं. नेमार, कुटिन्यो, कासेमिरो आणि अलिसन असलेला ब्राझील त्याच स्पर्धेत मेक्सिको आणि स्वित्झर्लंडकडून हरून गटातूनच परतला. आणि पाहुण्यांना काय मिळालं म्हणाल, तर १९९९ मध्ये नायजेरियात जिंकलेल्या स्पेनच्या पोरांमध्ये झावी, कासियास आणि मार्चेना होते. अकरा वर्षांनी ते तिघेही पुन्हा आफ्रिकेत विश्वविजेते झाले, या वेळी जोहान्सबर्गला.

एका मुद्द्यावर एमआरआय माझ्या कामाचा नाही. वीस वर्षांखालच्या स्पर्धेत तो काही सांगू शकत नाही, कारण तोवर सगळ्यांचीच हाडं जुळत आलेली असतात. म्हणून ग्रुपांवरच्या त्या मजकुराच्या शेवटी, २००९ मध्येच इजिप्तला झालेला २० वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा घाना ओढून आणलाय. अंतिम सामन्यात ३७ व्या मिनिटाला त्यांचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला. पुढे जादा वेळ संपेपर्यंत दहा जणांनी ब्राझीलला गोल करू दिला नाही आणि पेनल्टींवर सामना काढला. कर्णधार होता आंद्रे आयू. त्याचा दाखला तपासायचा असेल तर घानात जायची गरज नाही. त्याचे वडील, फुटबॉलपटू अबेदी पेले, त्याच्या जन्माच्या वेळी फ्रान्समध्ये खेळत होते आणि पोरगा जन्मला लीलजवळच्या सेक्लाँ गावात.