खोल किडलेला दात आणि लेझर: एका फिरत्या संदेशातील दावे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो: ‘कीड कितीही खोल असो, लेझरने जाळली की नस वाचते, रूट कॅनल लागत नाही, इंजेक्शन नको आणि दात पुन्हा भरून येतो.’ यात सत्याचा थोडा अंश असल्यामुळेच तो लोकांना पटतो.

‘कितीही खोल’ हे मुळातच चूक आहे. नस वाचणे प्रथम तिच्या अवस्थेवर अवलंबून असते. गार पाण्याने क्षणभर सणक येऊन थांबत असेल, तर ती बहुधा सावरू शकते. रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर दाह बराच पुढे गेलेला असतो. आणि नस मरून मुळाच्या टोकाशी पू झाला असेल, तर कोणताही किरण तिला जिवंत करत नाही. तेथे रूट कॅनल किंवा दात काढणे हेच उपाय उरतात.

सगळी कीड जाळावी लागते, हा समज तर घातकच आहे. खोल किडीत नसेलगतचा मऊ थर मुद्दाम ठेवून, कडा स्वच्छ करून दात घट्ट बंद करणे ही आज मान्य पद्धत आहे, कारण कोंडलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही. नस उघडी पडली तरी निर्णायक ठरतात ते जंतूच: 1965 मध्ये संशोधक काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी जंतुविरहित उंदरांच्या उघड्या नसा भरून आल्याचे दाखवले, सामान्य उंदरांच्या मात्र सडल्या. त्याच वर्षी झॅक आणि कोहेन या संशोधकांना माकडांच्या दातांत असे आढळले, की नसेचे तापमान सुमारे 5.5 अंश सेल्सिअसने वाढताच काही नसा कायमच्या मरतात. म्हणून दात कोरणारा, 2940 नॅनोमीटर तरंगलांबीचा अर्बियम लेझर पाण्याच्या फवाऱ्याखालीच चालवतात. डायोड लेझर हा दुसरा प्रकार रक्तस्राव थांबवण्यास आणि निर्जंतुकीकरणास मदत करतो, आणि हा फायदा नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतर एमटीए किंवा बायोडेंटीन यांसारखे नस झाकणारे सिमेंट आणि पक्के सील लागतेच.

अर्बियम लेझरने काहींना भुलीविना काम सोसते, परंतु नसेला हात लावायचा असेल तर सहसा भूल द्यावीच लागते. दात भरून येत नाही. जिवंत नस आतून दंतिनाचा (दाताच्या आतल्या कठीण भागाचा) नवा थर बांधते, खड्डा मात्र डॉक्टरांनाच भरावा लागतो.

मला खरी काळजी वाटते ती या संदेशामुळे होणाऱ्या उशिराची. राजापूर किंवा देवगडकडचा माणूस लेझरसाठी मुंबईची वारी ठरेपर्यंत लवंगेच्या तेलावर दिवस काढतो, आणि जवळच्या दवाखान्यात रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा), दात कोरायचे साधे बर आणि योग्य सिमेंट वापरून आज वाचू शकणारी नस तोवर सडते.